हार्डटेल सायकलची परीक्षा : कमी पैशात रानवाटेची सायकल कशी पारखावी?



परीक्षेचा निकाल लागला किंवा दिवाळी जवळ आली की घराघरात एक मागणी हमखास होते. "मला गिअरची सायकल पाहिजे." मग दुकानात जायचं, जाड टायर, पुढे स्प्रिंग, चकचकीत रंग बघायचा आणि घरी घेऊन यायचं. रस्त्यावर ती छान चालते. पण आपल्या पेण-रोह्याकडे रस्ता संपला की लगेच मुरूम, बांध, ओढा आणि रान सुरू होतं. तिथे ही सायकल टिकेल का? त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उतारावर ती थांबेल का?

आजच्या पाठात आपण 'हार्डटेल' प्रकारच्या सायकलची पारख कशी करायची ते शिकणार आहोत. मी स्वतः पेण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत अशाच साध्या हार्डटेलवर दोन पावसाळे ये-जा केली आहे. त्यामुळे पुस्तकातलं आणि वाटेवरचं, दोन्ही सांगतो. 'परवडणारी' म्हणजे या पाठापुरती १० ते २० हजार रुपयांची सायकल समजूया. नोकरदार घरालासुद्धा ही रक्कम लहान नाही. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला तर ती वर्षभराची साठवण असते. म्हणून नीट बघून घ्यायची.

हार्डटेल म्हणजे काय?

पुढच्या चाकाच्या चिमट्यात (ज्याला दुकानात फोर्क म्हणतात) स्प्रिंग असते आणि मागचा भाग मात्र सरळ फ्रेमला घट्ट जोडलेला असतो, अशा सायकलला हार्डटेल म्हणतात. मागे कडक, पुढे लवचीक. पुढेमागे दोन्हीकडे स्प्रिंग असेल तर ती डबल सस्पेन्शन. कुठेच स्प्रिंग नसेल तर ती आपली नेहमीची सायकल.

डोंगरात सायकल चालवण्याचा हा खेळ १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरिन परगण्यात वाढला. तिथली तरुण मुलं जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडत. त्यांना मागे पायाने दाबायचा ब्रेक असे. लांबच्या उतारावर तो ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत पुन्हा भरण्याला 'रिपॅक' म्हणतात. त्यावरून त्या उताराचंच नाव रिपॅक पडलं आणि १९७६ मध्ये तिथे पहिली शर्यत झाली. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. यातून आपण काय घ्यायचं? डोंगरातल्या सायकलचा पहिला प्रश्न ब्रेकचा होता, आणि आजही तोच आहे.

आधी वाट ओळखा, मग सायकल

सायकल चांगली की वाईट, हे वाटेवर ठरतं. आपल्या भागात चार प्रकारच्या वाटा आहेत.

१) खारेपाटातले बांध. पेणच्या पश्चिमेला धरमतर खाडीच्या बाजूला, वढाव-शिर्कीकडे, खारं पाणी अडवणारे मातीचे बांध आहेत. उन्हाळ्यात ते कडक आणि चाकोऱ्यांनी भरलेले. पावसाळ्यात तीच माती टायरला लाडवासारखी चिकटते. शिवाय खारी हवा. ती चेन आणि आरे (स्पोक) लवकर गंजवते.

२) वाड्यांकडे जाणारे मुरमाचे रस्ते. पेणच्या पूर्वेला हेटवणे धरणाकडे किंवा विनोबांच्या जन्मगावाकडे, गागोद्याकडे जाताना असे फाटे फुटतात. सैल खडी, चढ-उतार आणि पावसात पडलेल्या घळी.

३) रानातली पायवाट. रोह्याजवळ अवचितगडाच्या पायथ्याला मेढे, पिंगळसई, पडम ही गावं आहेत. त्या बाजूच्या रानात सुकी पानं, झाडांची मुळं आणि काळे दगड. पानाखाली काय आहे ते दिसत नाही.

४) डांबरी रस्ता. रानात पोचायला आधी हाच लागतो. मुंबई-गोवा महामार्गावर, विशेषतः नागोठणे आणि कोलाड यांच्यामधल्या सुकेळी खिंडीसारख्या ठिकाणी, लहान मुलांनी सायकल नेऊच नये. आतल्या रस्त्याने जावं.

तुमची वाट पहिल्या दोन प्रकारची असेल तर साधी हार्डटेल पुरते. तिसऱ्या प्रकारची असेल तर पुढचं सगळं लक्ष देऊन वाचा.

डबल सस्पेन्शन का नको?

मुलांना मागची स्प्रिंग फार आवडते. पण विचार करा. दुकानात १५ हजारांच्या दोन सायकली आहेत. एकीला पुढे एक स्प्रिंग, दुसरीला पुढे-मागे दोन. किंमत तीच. मग दुसरीत जादा स्प्रिंग, जादा सांधे आणि जादा लोखंड यांचे पैसे कुठून आले? ब्रेक, चाकं, गिअर यातूनच कापले गेले. शिवाय वजन वाढलं. साधी हार्डटेल साधारण १४ ते १६ किलोची असते, स्वस्त डबल सस्पेन्शन त्याहून जड. चढावर पायडल दाबलं की मागची स्प्रिंग दबते आणि आपली थोडी ताकद तिथेच जाते. सांध्यांत चिखल गेला की करकर सुरू. म्हणून कमी पैशात हार्डटेलच बरी.

भाग एकेक करून तपासूया

फ्रेम : सायकल पायात घेऊन जमिनीवर सपाट उभं राहा. वरचा दांडा आणि आपलं शरीर यात निदान ५ सेंमी अंतर पाहिजे. "पुढच्या वर्षी उंची वाढेल" म्हणून मोठी सायकल घेऊ नका. उतारावर अचानक पाय टेकवावा लागतो, तेव्हा हेच अंतर वाचवतं. लोखंडी फ्रेम जड असते, पण तुटली तर गावातला वेल्डर जोडून देऊ शकतो. ॲल्युमिनियमची हलकी असते आणि गंजत नाही, पण तिची जोडणी साध्या वेल्डरचं काम नाही. ॲल्युमिनियमची घेत असाल तर मागचा गिअर ज्या पट्टीला लटकतो ती वेगळी, स्क्रूने बसवलेली आहे का ते बघा. पडल्यावर आधी ही पट्टीच वाकते. वेगळी असेल तर फक्त पट्टी बदलता येते.

फोर्क : स्वस्त फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंग असते. ती किती दबू शकते ते मिमीमध्ये सांगतात, बहुधा ८० किंवा १००. पण आकडा मोठा म्हणजे फोर्क चांगला, असं नाही. सोपी चाचणी करा. फोर्कच्या चकचकीत नळीला खाली टेकवून एक रबर बँड लावा. सायकलवर अलगद बसा, हलू नका, अलगद उतरा. रबर बँड किती सरकला? १०० मिमीच्या फोर्कमध्ये १५ ते २५ मिमी सरकला तर स्प्रिंग तुमच्या वजनाला योग्य. आता ४० किलोच्या मुलाला बसवून बघा. कित्येकदा रबर बँड जेमतेम हलतो, कारण स्प्रिंग मोठ्या माणसाच्या वजनाची असते. म्हणजे मुलासाठी तो फोर्क असून नसल्यासारखा, फक्त दोन-अडीच किलोचं ओझं.

ब्रेक : दोन प्रकार मिळतात. रिमला रबर लावणारा व्ही-ब्रेक आणि चाकाच्या मधोमध तबकडी असलेला डिस्क ब्रेक. पावसात आणि चिखलात रिम भिजते, म्हणून व्ही-ब्रेक आधी पाणी पुसतो आणि मग पकडतो. डिस्क जमिनीपासून उंच असल्याने कमी भिजते. पण अगदी हलक्या दर्जाची डिस्क वाकडी फिरते, घासते आणि सारखी जुळवावी लागते. त्यापेक्षा चांगला व्ही-ब्रेक बरा. त्याचं रबर कुठेही मिळतं. मुलाच्या बोटांत ब्रेकची मूठ नीट येते का तेही बघा. बऱ्याच मुठींवर एक लहान स्क्रू असतो, तो फिरवून मूठ जवळ आणता येते.

आता थोडं गणित. ताशी २० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मीटर. कोरड्या, घट्ट जमिनीवर चांगल्या ब्रेकने वेग दर सेकंदाला ५ मीटरने कमी होत असेल, तर थांबायला सुमारे ३ मीटर लागतात. ओल्या पानांवर तोच दर २ झाला, तर पावणेआठ मीटर. म्हणजे वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत! आणि वेग निम्मा, ताशी १० किमी केला, तर त्याच ओल्या पानांवर २ मीटरच्या आत थांबता येतं. वेग निम्मा केला की अंतर पाव होतं. नववीच्या गतीच्या धड्यातलं हे सूत्र उतारावर जीव वाचवतं. (हे सगळं सपाट जमिनीवरचं. उतारावर अंतर आणखी वाढतं.)

चाकं आणि टायर : २६, २७.५ आणि २९ असे इंचातले आकार असतात. टायरवर बारीक अक्षरात ५५९, ५८४ किंवा ६२२ असा आकडाही असतो. तो रिमचा मिमीमधला व्यास. टायर-ट्यूब घेताना हाच आकडा दाखवा, घोटाळा होत नाही. आपल्या गावातल्या दुकानात कोणत्या मापाची ट्यूब नेहमी मिळते ते सायकल घेण्याआधी विचारा. एका ट्यूबसाठी पनवेल गाठावं लागलं तर स्वस्त सायकल महाग पडते.

हवेचंही तसंच. पंपवाल्याकडे टायर दगडासारखा टणक करायची सवय आहे. डांबरावर ठीक, पण मुरमावर असा टायर उड्या मारतो आणि पकड सुटते. साधारण ६० किलोच्या माणसाने दोन इंच रुंदीच्या टायरमध्ये रानवाटेवर ३० ते ३५ पीएसआय ठेवावी. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखे शेजारी शेजारी दोन छेद पडतात. टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या बाहेर जाऊ नये.

गिअर : "२१ गिअर आहेत" हे ऐकून भारावून जाऊ नका. पुढे ४२, ३४, २४ दात्यांची तीन चक्रं आणि मागे १४ ते २८ दात्यांची सात, म्हणून ३ × ७ = २१. पण ४२ ला २८ ने भागलं तर १.५ येतात आणि २४ ला १६ ने भागलं तरी १.५ च! म्हणजे दोन वेगळे गिअर, काम एकच. चढासाठी फक्त सर्वांत हलका गिअर बघायचा. २४ भागिले २८ = ०.८६. २७.५ इंची चाकाचा घेर टायरसकट सुमारे २.१७ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल १.८६ मीटर पुढे जाते. मागे ३४ दात्यांचं चक्र असेल तर हेच अंतर १.५३ मीटर होतं. अंतर कमी म्हणजे पाय हलका. वाडीच्या चढावर हा फरक मांड्यांना लगेच कळतो.

मागचा हब : ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्वस्त सायकलमध्ये मागची सात चक्रं आट्यांवर फिरवून बसवलेली असतात (फ्री-व्हील). त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे बरेच आत राहतात आणि एक्सलचा टोकाकडचा भाग आधाराशिवाय उरतो. उड्या मारल्या की एक्सल तिथेच वाकतो. महाग सायकलमध्ये छर्रे टोकाजवळ असतात. म्हणून स्वस्त हार्डटेलवरून उड्या मारायच्या नाहीत. हा उपदेश नाही, रचनेचा भाग आहे.

दुकानातली दहा मिनिटं

१) पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे ढकला. हँडलखाली 'टक टक' जाणवलं तर तिथले छर्रे सैल आहेत.
२) प्रत्येक चाक उचलून फिरवा. रिम ब्रेकजवळून डावी-उजवी होते का? होत असेल तर आऊट काढून मागा.
३) चाक धरून आडवं हलवा. खुळखुळ नको.
४) आरे दोन-दोन एकत्र दाबा. सगळ्यांचा ताण साधारण सारखा लागला पाहिजे.
५) मागचं चाक उचलून पायडल फिरवत सगळे गिअर बदला. सर्वांत मोठ्या चक्रावर चेन गेली की गिअरचा चिमटा आऱ्यांना लागत नाही ना, ते वाकून बघा.
६) माहितीपुस्तक उघडा. काही सायकलींवर किंवा पुस्तकात "फक्त रस्त्यासाठी" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेने सायकलींचे वापरानुसार वर्ग केले आहेत. दुसऱ्या वर्गातली सायकल खडीच्या वाटेला आणि १५ सेंमीपर्यंतच्या उंचवट्याला, तर तिसऱ्या वर्गातली खडबडीत वाटेला आणि ६१ सेंमीपर्यंत. असा शिक्का असेल तर तो जाहिरातीपेक्षा खरा मानावा.

वाटेवरची चाचणी

एकच वाट निवडा, साधारण अर्धा किमीची. तीत एक चढ, एक उतार आणि थोडा दगडगोट्यांचा भाग असू द्या. आधी ती चालत जाऊन बघा. मग तीन फेऱ्या मारा, पहिली अगदी सावकाश. प्रत्येक फेरीत चार गोष्टी वहीत लिहा. चढावर किती वेळा पाय टेकला? चेन किती वेळा पडली? ठरवलेल्या दगडाशी ब्रेक दाबल्यावर सायकल किती पावलांवर थांबली? हाताला मुंग्या आल्या का? तीन फेऱ्यांनंतर सगळे नट-बोल्ट हाताने तपासा. हेल्मेट असल्याशिवाय ही चाचणी करायची नाही. आणि एकट्याने जायचं नाही.

गुण कसे द्यायचे?

इथे आपली शाळेची पद्धत वापरूया. पाच विषय : ब्रेक, चाकं, फोर्क, गिअर, फ्रेम. प्रत्येकी २० गुण, एकूण १००. पण बेरीज करून थांबायचं नाही. चित्रकलेत पैकीच्या पैकी मिळाले म्हणून कोणी गणितात पास होत नाही. तसंच गिअरला २० मिळाले म्हणून ब्रेकचे ६ चालत नाहीत. ब्रेक, चाकं आणि हँडलचा सांधा यात जी नापास, ती सायकल नापास. बाकीचे विषय कमी-जास्त चालतील. गिअर अडकला तर आपण चालत घरी येतो. ब्रेक अडकला तर कोणीतरी आपल्याला घेऊन येतं.

माझ्या सायकलचा दोन पावसाळ्यांनंतरचा निकाल असा :

- फ्रेम : १८. काहीच तक्रार नाही.
- गिअर : १४. दर महिन्याला केबल ताणावी लागली.
- ब्रेक : कोरड्यात १६, पावसात १२. व्ही-ब्रेकचं रबर एका पावसाळ्यात संपलं, नवीन टाकलं.
- चाकं : १२. पहिल्याच महिन्यात आरे सैल झाले, आऊट काढला, मग टिकली. दुसऱ्या वर्षी मागचा एक्सल वाकला, बदलला.
- फोर्क : ९. पहिल्या वर्षी ठीक, नंतर पाणी जाऊन जड झाला.

एकूण ६५ ते ६९. पास, पण पहिल्या वर्गाचा गर्व करण्यासारखी नाही. मुरमाच्या रस्त्याला आणि सोप्या रानवाटेला ती पुरली. दगडी पायऱ्या आणि कातळाच्या उताराला मी ती नेत नाही, तिथे हातात धरून उतरतो. गडावरही सायकल न्यायची नाही, पायथ्याला ठेवायची. वनखात्याच्या हद्दीत जाण्याआधी विचारायचं.

घेतल्यावर काय?

सगळे पैसे सायकलवर संपवू नका. दहावा हिस्सा बाजूला ठेवा : हेल्मेट, पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान. पहिल्या महिन्यानंतर चाकांचा आऊट काढून घ्या, कारण नवीन आरे बसतात तेव्हा सैल होतातच. खारेपाटातून आल्यावर साध्या पाण्याने धुवा, पण पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नका, छर्ऱ्यातलं ग्रीस निघून जातं. चेन पुसून कोरडी करा, मग थोडं तेल, आणि वरचं तेल पुन्हा पुसा. तेलकट चेनला धूळ बसते आणि ती कानशीसारखी दाते खाते.

मित्रांनो, आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांवर आजही शाळा, दवाखाना आणि बाजार यांच्यामध्ये अशीच एखादी मुरमाची वाट असते. तिथे ही सायकल खेळणं नसते, ती तासाभराची पायपीट वाचवते. म्हणून तिची परीक्षा कडक घ्या. दुकानदार रागावला तरी चालेल.

स्वाध्याय

१) तुमच्या सायकलच्या पुढच्या-मागच्या दात्यांची संख्या मोजा. सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका पायडलफेरीत ती किती मीटर जाते ते काढा. मग मैदानात खडूची खूण करून पडताळा.
२) कोरड्या आणि ओल्या मातीवर, सावकाश वेगात, थांबण्याचं अंतर पावलांनी मोजा आणि तक्ता करा. मोठं माणूस सोबत हवं.
३) घरातल्या सायकलला वरील पाच विषयांत गुण द्या. ब्रेकमध्ये नापास झाली तर आजच दुकानात न्या, उद्या नको.